एक बादली युरेनियम, एक लाख टन ऊस

श्रीगोंद्याच्या बाजारातलं मध्यम लिंबू हातात घ्या. वजन जेमतेम ५० ग्रॅम. तेवढाच युरेनियम धातूचा गोळा केला तर तो एक किलो भरेल. हा धातू पाण्याच्या १९ पट जड. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून सुमारे ५० हजार युनिट वीज होते. महिन्याला १०० युनिट वापरणारी ४० घरं या एका लिंबावर वर्षभर उजळतात.

पूर्ण क्षमतेने चाललेली अशी भट्टी दिवसाला जवळपास १ कोटी ३० लाख युनिट वीज देते. त्यासाठी युरेनियम लागतं सुमारे २६० किलो. धातूच्या रूपात ते एका बादलीत मावेल. कोळशावर तेवढी वीज करायची तर आठ-साडेआठ हजार टन कोळसा, म्हणजे दोन मालगाड्या, रोज. वर हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड बारा हजार टनांच्या आसपास.

आता अहिल्यानगरचा हिशेब मांडू. आपले साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज करतात. एक टन उसातून २८० ते ३०० किलो बगॅस निघतं आणि एक टन बगॅसपासून साधारण ४५० युनिट वीज. सगळं बगॅस विजेलाच दिलं, तरी त्या बादलीशी बरोबरी करायला रोज एक लाख टन ऊस गाळावा लागेल. पाच हजार टनी २० कारखाने, आणि गव्हाणीपुढे २० टनांचे ५,००० ट्रक!

याहून थक्क करणारा आकडा पुढे आहे. एवढी उष्णता देताना दिवसभरात प्रत्यक्ष नाहीसं होणारं वस्तुमान दोन ग्रॅमही नसतं. ज्वारीचे पन्नासेक दाणे, बस्स.

म्हणजेच बादलीतलं बाकीचं वजन जवळपास तसंच बाहेर येतं, आणि येतं ते जीवघेणा किरणोत्सर्ग घेऊन. त्यात तयार झालेलं प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला सुमारे २४,१०० वर्षं लागतात. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. तेव्हापासून आजपर्यंतचा काळ ३३ वेळा मोजा, तेव्हा ते निम्मं होईल.

शिवाय ही भट्टी चुलीसारखी विझत नाही. बंद केल्याच्या क्षणीही तिच्यात सुमारे १०० मेगावॅट उष्णता धगधगत असते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भट्ट्या बंद झाल्या होत्या. त्सुनामीने थंड करणारी यंत्रणा बंद पाडली आणि इंधन वितळलं. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाला साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विरोध केला, त्यामागेही समुद्राची काळजी होती. कारण एक युनिट विजेमागे जवळपास दोन युनिट उष्णता पाण्यात सोडावी लागते.

राहिला कचरा. तारापूरला वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्याची आणि उरलेला घातक कचरा काचेत गोठवण्याची सोय आहे. फिनलंडने तर ४०० मीटरहून खोल खडकात कायमची जागा खोदली. आपल्याकडे अशी कायमची जागा अजून नाही.

हवा न काळवंडणारी, पावसापाण्यावर अवलंबून नसलेली ही वीज मला हवी आहे. पण तिच्या दरात राखणीचा खर्चही धरला पाहिजे. बादली उचलण्याआधी ती कुठे ठेवायची, हे ठरलेलं हवं.