स्त्रियांच्या अंगावरील केसांविषयीचे सामाजिक संकेत

स्त्रियांच्या अंगावरील केसांविषयीचे सामाजिक संकेत म्हणजे चेहरा, काखा, हात, पाय इत्यादी भागांवरील केस स्त्रीने ठेवावेत की काढावेत, यासंबंधी समाजात रूढ असलेल्या अपेक्षा. हे संकेत देश, काळ आणि धर्म यांनुसार बदलत आले आहेत. केस ठेवणे वा काढणे ही वरवर पाहता ज्याची त्याची आवड असली, तरी संकेत मोडणाऱ्या स्त्रीला थट्टा व अवहेलना सोसावी लागते. त्यामुळे आवड कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते, हे ठरविणे कठीण जाते. विधवांच्या केशवपनाची प्रथा डोक्यावरील केसांशी संबंधित असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.

शारीरिक आधार

तळहात, तळपाय व ओठ वगळता मानवी त्वचेवर जवळजवळ सर्वत्र केसांची मुळे असतात. बालपणी त्यांतून बारीक, फिकट लव उगवते. वयात येताना अँड्रोजेन गटातील संप्रेरकांच्या प्रभावाने काही भागांतील लवेचे जाड व काळ्या केसांत रूपांतर होते. ही संप्रेरके पुरुषांची मानली जात असली, तरी ती स्त्रियांच्या शरीरातही तयार होतात. केसांचे प्रमाण आनुवंशिकतेवरही अवलंबून असते.

हनुवटी, ओठांच्या वर, छाती अशा भागांवर पुरुषांप्रमाणे दाट केस येण्यास अतिरोमता म्हणतात. तिचे मापन करण्याची गुणांकन पद्धत फेरिमन व गॅलवे यांनी १९६१ मध्ये मांडली. सुधारित पद्धतीत शरीराच्या नऊ भागांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. अतिरोमतेचे सर्वाधिक आढळणारे कारण पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) हे आहे. मासिक पाळीची अनियमितता सोबत असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. मात्र हात, पाय व काखांवरील केस हा आजार नाही, तसेच ते अस्वच्छतेचे लक्षणही नाही.

भारतीय परंपरा

संस्कृत व प्राकृत काव्यात नाभीजवळील केसांची नाजूक रेषा, म्हणजे रोमावली किंवा रोमराजी, तारुण्याचे व सौंदर्याचे चिन्ह मानली गेली आहे. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या रूपवर्णनात तिचा समावेश केला आहे. याउलट मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास अयोग्य कन्यांची जी यादी आहे, तीत अंगावर मुळीच केस नसलेली आणि फार केस असलेली अशा दोघींचाही निर्देश आहे. म्हणजे पूर्णपणे केसरहित शरीर हा तेथे आदर्श नव्हता. सुश्रुतसंहितेत शंखाचे चूर्ण व हरताळ वापरून केस काढण्याची कृती दिलेली आहे, पण ती व्रणचिकित्सेच्या प्रकरणात येते.

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाच्या अंगावरील लव जावी म्हणून न्हाऊ घालताना डाळीच्या पिठाने अंग चोळण्याची पद्धत आहे. जन्मतःची लव बहुधा आपोआपच गळून जाते. तरीही मुलीच्या बाबतीत हे चोळणे अधिक आग्रहाने केले जाते.

शीख धर्मात केश राखण्याचा नियम स्त्री व पुरुष दोघांनाही लागू आहे. पीसीओएसमुळे दाढी आलेल्या ब्रिटनमधील हरनाम कौर यांनी शीख दीक्षा घेतल्यानंतर दाढी राखण्याचा निर्णय घेतला.

इराण

इराणमध्ये दोऱ्याने चेहऱ्यावरील केस काढण्याची जुनी परंपरा असून तिला बंद-अंदाजी म्हणतात. पारंपरिक समाजात हे काम विवाहप्रसंगी समारंभपूर्वक होई व अविवाहित मुली ते करीत नसत. त्याच देशात एकोणिसाव्या शतकात, काजार राजवटीत, ओठांवरील पुसट मिशी स्त्रीच्या सौंदर्याचा भाग समजली जाई. तत्कालीन चित्रांत ती दिसते.

अमेरिका व बाजारपेठ

अमेरिकेत काखा व पाय केसरहित असावेत हा संकेत विसाव्या शतकात रूढ झाला. बिनबाह्यांच्या पोशाखांची फॅशन आली, तशा १९१५ च्या सुमारास काखेतील केस काढण्याच्या जाहिराती स्त्रियांच्या मासिकांत झळकू लागल्या. त्याच वर्षी जिलेट कंपनीने खास स्त्रियांसाठी वस्तरा बाजारात आणला. पुढे परकर आखूड झाले. दुसऱ्या महायुद्धात नायलॉनच्या मोज्यांचा तुटवडा पडून पाय उघडे राहू लागले आणि पायांवरील केस काढण्याची प्रथाही पक्की झाली.

या संकेताची किंमत काही स्त्रियांना आरोग्याने मोजावी लागली. १९२० च्या दशकात क्ष-किरणांनी केस काढून देणारी केंद्रे अमेरिकेत चालत. तेथे गेलेल्या अनेक स्त्रियांना पुढे त्वचेच्या जखमा व कर्करोग झाले. १९३० च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या ‘कोरेमलू’ या मलमात थॅलियम हे विषारी द्रव्य होते. त्यामुळे काही स्त्रियांना पक्षाघातासारखे गंभीर विकार जडले.

गैरसमज

वस्तरा फिरवल्याने केस अधिक दाट व राठ येतात, असा समज प्रचलित आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर यांच्या १९२८ मधील अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो जाड भासतो.

बदलते दृष्टिकोन

मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो (१९०७–१९५४) यांनी आत्मचित्रांत आपल्या जुळलेल्या भुवया व ओठांवरील लव मुद्दाम रेखाटली. १९७० च्या दशकापासून पाश्चात्त्य स्त्रीवादी चळवळीत केस न काढणे ही निषेधाची एक खूण बनली. अलीकडे अनेक अभ्यासक केस काढणाऱ्या वा राखणाऱ्या स्त्रीला दोष न देता, तिच्या निर्णयामागे भीती वा लाज आहे का, याकडे लक्ष वेधतात. २०२४ मध्ये भारतात दहावीच्या परीक्षेत अव्वल आलेल्या एका विद्यार्थिनीचे छायाचित्र प्रसिद्ध होताच समाजमाध्यमांवर तिच्या गुणांऐवजी चेहऱ्यावरील केसांची चर्चा झाली. अनेकांनी तिची बाजू घेऊन या थट्टेचा निषेधही केला.