बीपीची गोळी की काळं चॉकलेट?



मागच्या महिन्यात उमरेड तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. वसुली झाली, वही बंद झाली आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी बीपीची गोळी बंद केली जी. मोबाईलवर आलं होतं, काळं चॉकलेट खाल्लं का बीपी उतरते. मंग गोळी कायले खाऊ?"

तीन आठवडे त्यांनी गोळी घेतली नव्हती. लगेच उपकेंद्रात गेलो. बीपी निघाला १७० वर १००! आता गोळी पुन्हा सुरू आहे. पण असा मेसेज तुमच्याही मोबाईलवर आला असेल, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज खोटा आहे का?

पूर्ण खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. चॉकलेट कोकोच्या बियांपासून बनतं. या बियांत फ्लॅव्हॅनॉल नावाचे घटक असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करतं आणि वाहिनी सैल पडते. पाइप अरुंद असला की मोटारीवर जोर येतो, रुंद असला की कमी येतो. हृदयाचंही तसंच आहे.

मग फरक किती पडतो?

२०१७ मध्ये ३५ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. बीपी सरासरी दोन अंकांनीही उतरला नव्हता. अमेरिकेत २१ हजारांहून जास्त वयस्क लोकांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला. त्यात निम्म्या लोकांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल दिलं होतं, तेही कॅप्सूलमधून. हृदयविकारानं होणारे मृत्यू त्यांच्यात कमी दिसले, पण हार्ट अटॅक, लकवा वगैरे सगळं मिळून पाहिलं तर खात्रीनं म्हणावा असा फरक निघाला नाही.

आता आपल्या ताईंचा हिशेब करा. बीपी १७०, त्यातून दोन गेले. उरले १६८. धोका होता तिथंच आहे.

दुकानातलं चॉकलेट

बिया भाजताना आणि कोकोचा कडूपणा घालवताना बरेच फ्लॅव्हॅनॉल निघून जातात. वरून साखर येते. रंग काळा म्हणजे गुण जास्त, असं नाही. पाकीट उलटून घटक वाचा. सगळ्यात जास्त असलेली वस्तू पहिली लिहिलेली असते. साखर पहिली असेल तर ती मिठाईच समजा.

ज्या गट राखी-दिवाळीला चॉकलेट बनवतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपण बहुतेक वेळा 'डार्क कंपाउंड'ची लादी वितळवतो. त्यात कोकोचं लोणी नसतं, वनस्पती तेलाची चरबी असते. त्यामुळे पाकिटावर "हृदयासाठी उत्तम" असं लिहू नका. खाद्यपदार्थावर दिशाभूल करणारा दावा करणं कायद्यानं चूक आहे. चव चांगली आहे, तेवढ्यावर माल विकला जातो.

मग आपण काय करायचं?

- डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. बीपी उतरलेला दिसतो तो गोळीमुळेच.
- तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात बीपी मोजून घ्या. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर डॉक्टरांना भेटा. डोकं दुखायची वाट पाहू नका, बीपी बहुतेकदा काहीच त्रास न देता वाढतो.
- दिवसाला एकूण मीठ एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. लोणचं, पापड, शेव यातलं मीठही त्यातच मोजा.
- घरातला खर्रा बंद करा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात.
- महागड्या चॉकलेटपेक्षा कमी मिठाची जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, भाजी, ज्वारीची भाकर बरी. जवसात हृदयाला चांगली असणारी ओमेगा-३ चरबी असते. पण चटणी हीसुद्धा गोळीच्या जागी नाही!

नातवानं दिलेला डार्क चॉकलेटचा तुकडा आवडीनं खा. शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या बैठकीत वसुलीच्या वहीसोबत आपापलं बीपीचं कार्डही आणा. एकमेकींचे आकडे पाहू. कर्जाचा हप्ता आपण चुकू देत नाही, मग गोळी का चुकवायची?

तुमची,
क्षेत्र समन्वयक