मागच्या बाकावरच्या ताई

धानाची रोवणी आटोपली की आमच्याकडे प्रशिक्षणांना वेग येतो. रोवणीच्या दिवसांत आशाताईंना बोलावण्यात फारसा अर्थ नसतो. ज्या येतात त्यांचं अर्धं चित्त बांधीतच असतं. तीनेक वर्षांपूर्वी अशाच एका वर्गात मी नवजात बाळाची काळजी शिकवत होतो. तीस बायका, एक पंखा, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. मागच्या बाकावर पंचेचाळिशीच्या एक ताई बसायच्या. पुस्तिका समोर उघडी, पण पान काही उलटत नव्हतं. वाचायला सांगितलं की म्हणायच्या, ‘घरी जाऊन वाचतो, सर.’ दुसऱ्या दिवशीही तेच. मी मनातल्या मनात शेरा मारून मोकळा झालो : यांना रस नाही, भत्त्यापुरत्या येतात.

जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी त्यांच्या हातात गोळ्यांची पट्टी दिली, मुदत संपली का ते बघायला. ताईंनी हात लांब केला, आणखी लांब केला, आणि मग पट्टी शेजारच्या मुलीकडे सरकवली. मी ओशाळलो. बेचाळिसाव्या वर्षापासून माझ्या नाकावर चष्मा आहे. रोज ओपीडीत बसतो. आणि दोन दिवस समोर बसलेल्या बाईला जवळचं दिसत नाही, एवढं मला ओळखता आलं नव्हतं.

डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचीक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं आणि अक्षर स्पष्ट होतं. वय वाढतं तसं ते ताठर होत जातं आणि चाळिशीच्या आसपास बारीक अक्षरं धूसर व्हायला लागतात. हा आजार नव्हे, वय आहे. मराठीने तर वयाला आणि चष्म्याला ‘चाळिशी’ हे एकच नाव देऊन टाकलंय. पण शहरात ज्या वयात माणूस न लाजता चष्मा घेतो, त्या वयात खेड्यातली बाई ‘आता काय मास्तरीण व्हायचंय का’ या टोमण्याला भिते. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या सुमारे साडेसातशे कामगारांवर एक चाचणी झाली होती. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना नंतर. २०१८ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निष्कर्ष आले : चष्मा लावलेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पानं खुडायला एवढा फरक पडत असेल, तर पुस्तिकेच्या बारीक टायपाचं काय! गावोगावी ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढचे निरक्षर अक्षरं गिरवतात, त्यांत आजी-आजोबाही असतात. त्यांच्या हाती पाटी देण्याआधी डोळे तपासावेत, असं मला फार वाटतं.

चष्म्याने सगळं सुटलं असं मात्र नाही. प्रशिक्षक मंडळींत एक तक्रार नेहमी ऐकू येते : मोठ्या माणसांना शिकायची इच्छाच नसते. मीही ती केलेली आहे. आता वाटतं, इच्छा असते, पण तिच्यावर लाजेचं झाकण असतं. लहान मुलाचं उत्तर चुकलं तर वर्ग हसतो आणि दहा मिनिटांनी विसरतो. आशाताईला गावात मान असतो, घरी सून आलेली असते. तीस जणींसमोर चुकायचं म्हणजे तो मान पणाला लावायचा. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मी विचारलं होतं, ‘बाळाचा श्वास मिनिटाला किती झाला तर धोका?’ वर्ग चिडीचूप. पुढच्या वर्गात प्रश्न फिरवला : ‘तुमच्या गावात बाळाला डब्बा झालेला कोणी पाहिलाय?’ एकदम दहा-बारा जणी बोलायला लागल्या. छाती कशी आत ओढली जाते, दूध कसं सुटतं, आजी काय लावते. न्यूमोनियाची निम्मी लक्षणं त्यांनीच सांगितली. मी फक्त आकडा जोडला : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, साठ किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, आणि तरीही साठ किंवा जास्त असेल तर तडक दवाखाना. तो आकडा मग कोणी विसरलं नाही.

या बाबतीत आमच्या शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. लाखांदूर ओलांडून वडशाला गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिलीच अडचण अशी की त्यांची मोजणी साठपर्यंत जातच नव्हती. आधी अंक शिकवू, मग श्वास, असं कोणी म्हटलं असतं तर वर्ग तिथेच संपला असता. त्यांनी एक साधन बनवलं : मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर श्वास धोक्याचा. जे येत नव्हतं त्याची लाज संपली, आणि काम सुरू झालं. पुढे याच संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. ३९ गावांत तीन वर्षांत नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात फेऱ्या घालतात, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे.

आता पैशाचं. एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली, काहींना त्याचे पैसे दिले आणि मग पैसे थांबवले. पैसे मिळालेल्यांनी नंतर फावल्या वेळात कोड्यांना कमी हात लावला. आतून आलेली गोडी बाहेरच्या बक्षिसाने कधी कधी आटते, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रयोग आशाताईंचं मानधन रोखायला कोणी पुढे करू नये. मजुरी बुडवून आलेल्या बाईला भत्ता वेळेवर मिळालाच पाहिजे. पण भत्त्याने ती वर्गात येते; मन वर्गात यायला आणखी काही लागतं. आपल्याला हे जमतंय असं वाटावं लागतं, आपलं मत कोणी विचारावं लागतं, शेजारची बाई आपली वाटावी लागते.

मी आणखी एक बदल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तिका बंद ठेवून, दोघी-दोघींनी काल शिकलेलं एकमेकींना सांगायचं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवलेलं आठवडाभराने जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं आहे. चुकलं तरी ते एकाच मैत्रिणीसमोर.

मागच्या बाकावरच्या ताईंना आम्ही चष्मा मिळवून दिला. पुढच्या वर्षी त्या सिकलसेलच्या वर्गात आल्या. आमच्या पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, असं मी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि पुढे निघालो. ताईंनी हात वर केला.

‘सर, म्हणजे एक लेकरू आजारी झालं, तर पुढची तिन्ही चांगलीच होतील ना?’

इतकी वर्षं मी ते ‘चारात एक’ सांगत आलो होतो. ऐकणाऱ्यांपैकी किती जणींनी हाच अर्थ घेऊन गावात सांगितला असेल, या विचाराने पोटात गोळा आला.

फळा सोडला. बांगड्यांच्या दुकानातून मणी मागवले. दोन वाट्या, एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत एक लाल, एक पांढरा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक मणी उचलायचा. दोन्ही लाल निघाले तर मूल आजारी, एक लाल निघाला तर वाहक, दोन्ही पांढरे तर निरोगी. मग मणी परत वाटीत टाकायचे, कारण दर गरोदरपणात खेळ नव्याने सुरू होतो. एका ताईंना लागोपाठ दोनदा लाल-लाल आलं. वर्गात कोणी बोललं नाही. दुसरीने सहा वेळा उचललं, एकदाही नाही आलं. ‘म्हणजे हे मोजून येत नाही, दर वेळी तेवढीच भीती,’ मागच्या बाकावरच्या ताई म्हणाल्या. म्हणून लग्नाआधी रक्त तपासायचं, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात लवकर दवाखान्यात यायचं, हे मग मला सांगावं लागलंच नाही, त्यांनीच सांगितलं. जेवणाला त्या दिवशी तासभर उशीर झाला.

संध्याकाळी आवरताना ताई टेबलापाशी आल्या. मणी नेऊ का, म्हणाल्या. त्यांच्या नणंदेचं पहिलं लेकरू सिकलसेलचं आहे आणि दुसरा महिना चालू आहे. मी मणी कागदात बांधून दिले. वाट्या त्यांच्या घरी होत्याच.