हवा शुद्ध करणारे यंत्र : एक घरगुती परीक्षा

मिरची, हळद आणि धने यांच्या व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना धुळीची ओळख करून देण्याचे कारण नाही. आमचे दुकान बेळगावच्या रविवार पेठेत आणि बिऱ्हाड दुकानाच्या माडीवर. हंगामात संकेश्वरी मिरचीची पोती खाली उलटली की खकाणा जिन्याने वर चढतो आणि घरातील लहानथोर ठसकू लागतात. त्यातून आमच्या मातोश्रींना दम्याचा विकार जडून बरीच वर्षे झाली. म्हणून २०२३ च्या दिवाळीपूर्वी एक विक्रेता हवा शुद्ध करणारे यंत्र घेऊन संघाच्या कचेरीत आला, तेव्हा त्याचे बोलणे आम्ही इतरांपेक्षा अधिक आतुरतेने ऐकले, हे आरंभीच कबूल केले पाहिजे.

यंत्र मुठीएवढे. विजेच्या खटक्याजवळ खोचावयाचे, की झाले. पंखा नाही, जाळी नाही, आवाज नाही. त्यातून ऋण विद्युतभाराचे कण, ज्यांस आयन म्हणतात, ते बाहेर पडतात आणि घरातील हवा अरण्यातील हवेसारखी होते, असे सोबतच्या रंगीत पत्रकात छापलेले होते. धूळ आणि रोगजंतू शेकडा ९९ नाहीसे होतात, हेही त्यात होतेच. सभासदांस सवलतीचा भाव आणि जो पुढे येईल त्यास जिल्ह्याची एजन्सी, असा दुहेरी प्रस्ताव होता. काही उत्साही बंधूंनी तेथल्या तेथे नावे नोंदविली. कार्यकारी मंडळाने मात्र एक यंत्र नमुन्यादाखल ठेवून घेतले आणि महिनाभर वापरून अभिप्राय देण्याचे काम आमच्याकडे सोपविले.

परीक्षा करावयाची तर मोजमाप हवे. डोळ्यांना दिसणारी धूळ ही फारशी घातक नव्हे. ती नाकात वा घशात अडकते. खरी भीती अडीच मायक्रॉनहून लहान कणांची. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. आपल्या देशात २००९ च्या मानकानुसार एका घनमीटर हवेत त्यांचे चोवीस तासांचे प्रमाण ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली. हे कण प्रकाशकिरणाच्या साहाय्याने मोजणारे एक छोटे उपकरण आता बाजारात मिळते. ते आम्ही विकत आणले.

मातोश्रींची खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. दारेखिडक्या लावून आत उदबत्त्या जाळल्या, आकडा ३०० च्या आसपास चढल्यावर त्या विझविल्या आणि यंत्र सुरू केले. एका तासात आकडा १३० वर उतरला! आम्ही हर्षभरित झालो. त्या रात्री मातोश्रींना झोपही बरी लागली. अभिप्रायाचा मसुदा आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच लिहून काढला.

तो मसुदा संघाकडे गेला नाही, याचे श्रेय आमच्या सूनबाईंचे. त्या हायस्कुलात शास्त्र शिकवितात. त्यांनी चहाचा पेला पुढे ठेवीत इतकेच विचारले, “मामंजी, यंत्र न लावता आकडा किती उतरतो, ते पाहिलेत का?”

पाहिले नव्हते. त्या रात्री पाहिले. तीच खोली, तितक्याच उदबत्त्या, यंत्र मात्र पेटीत बंद. तासाभराने आकडा १३५. पुढे सहा रात्री एकाआड एक दोन्ही प्रकारे मोजून पाहिले. कधी यंत्राची सरशी, कधी रिकाम्या खोलीची. धूर हा आपल्याआपण भिंतींवर, कपड्यांवर बसतो आणि फटींतून बाहेर जातो. त्याचे श्रेय आम्ही यंत्राला देऊन बसलो होतो. चाळीस वर्षे तराजू हाती धरलेल्या माणसाने पारड्याचे वजन वजा न करता माल तोलावा, तशातला हा प्रकार. आम्हांस त्याची लाज वाटली.

आयनाची कल्पना सर्वस्वी खोटी आहे, असे नव्हे. भारित झालेला कण भिंतीकडे ओढला जातो आणि तेथे चिकटतो. महिन्याअखेर यंत्रामागील भिंतीवर काळसर डाग उमटला, तो याचाच पुरावा. पण पंखा नसल्याने खोलीतील हवा यंत्रापाशी येणार कशी? आणि भिंतीवरील धूळ घरातच राहिली, ती हात लागताच पुन्हा उडते. याहून गंभीर गोष्ट वासाची. यंत्राजवळ एक तीक्ष्ण वास येई. विक्रेत्याने त्यास ‘ताजेपणा’ म्हटले होते. अशा यंत्रांतील विजेच्या प्रखर दाबाने हवेतील प्राणवायूपासून ओझोन तयार होऊ शकतो आणि त्याचा वास असाच असतो. ओझोन आकाशात उंचावर उपकारक असला तरी श्वासावाटे घेतल्यास फुप्फुसाचा दाह करतो. दमेकऱ्यास तर तो विशेष बाधतो. तिसऱ्या आठवड्यात मातोश्रींचा खोकला वाढला. कारण यंत्रच होते असे आम्ही शपथेवर सांगणार नाही, पण ते त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत लावले नाही.

असा अनुभव आम्हांसच प्रथम आला असेही नाही. अमेरिकेत शार्पर इमेज नावाची कंपनी ‘आयोनिक ब्रीझ’ हे असेच पंख्याविना चालणारे यंत्र मोठ्या जाहिरातीने विकत असे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने ते तपासून निरुपयोगी ठरविले. कंपनीने २००३ मध्ये मासिकाच्या प्रकाशक संस्थेवर दावा लावला. २००४ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला. २००५ मध्ये मासिकाने ओझोनचा प्रश्नही पुढे आणला. २००८ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या पडतीस इतरही कारणे होती, परंतु या एका मालावर तिची भिस्त फार होती.

मग उपाय कोणता? पंखा आणि दाट जाळी, हाच जुना मार्ग. ‘हेपा’ नावाची तंतूंची जाळी अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात अणुबाँबच्या कामात किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठी तयार झाली. ०.३ मायक्रॉनचे कण ती शेकडा ९९.९७ अडविते. मसाल्याच्या चाळणीवरून तर्क करणाऱ्यास वाटेल, की याहून बारीक कण निसटत असतील. तसे होत नाही. मोठे कण सरळ जाऊन तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भरकटतात, की कोठेतरी तंतूस लागतातच. अडविण्यास सर्वांत कठीण ते मधले, म्हणूनच माप त्यांचे दिलेले असते.

घेणाऱ्याने एकच आकडा विचारावा : हे यंत्र ताशी किती घनमीटर शुद्ध हवा देते? आमची खोली दहा फूट उंच धरून १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासात पाच वेळा हवा गाळून निघावी अशी अपेक्षा ठेवली तर १७० घनमीटरांचे यंत्र हवे. तसे एक आम्ही आणले. उदबत्तीच्या त्याच परीक्षेत अर्ध्या तासात आकडा ४० च्या खाली आला. पण त्याचीही मर्यादा पाहून घ्यावी. यंत्र एकदा घ्यावे लागते, जाळी मात्र वारंवार. तो खर्च आधी विचारावा. वायू आणि वास यांना ती जाळी अडवीत नाही, त्यासाठी कोळशाचा वेगळा थर लागतो. आणि जिन्याचे दार उघडे राहिले की आकडा पुन्हा वर! शेवटी पोती उलटण्याचे काम आम्ही परसात नेले, जिन्याच्या दाराला रबराची पट्टी ठोकली आणि माडीवर झाडूऐवजी ओले फडके सुरू केले. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हता आणि फरक त्यानेच अधिक पडला, असे घरातील मंडळींचे मत आहे.

मंडळाच्या बैठकीत हे आकडे ठेवल्यावर नोंदविलेली नावे रद्द झाली. एजन्सीविषयी मात्र वाद झाला. गिऱ्हाईक मागेल ते विकावे, परीक्षेचे काम आपले नव्हे, असे एका ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे पडले. दमेकऱ्याच्या घरी तो माल आपल्या पेढीच्या बिलावर जाईल, एवढेच आम्ही उत्तरादाखल म्हणालो. अखेरीस विक्रेत्यास पत्र धाडण्याचे ठरले : ताशी शुद्ध हवेचा आकडा आणि ओझोनचे प्रमाण, दोन्ही एखाद्या स्वतंत्र प्रयोगशाळेच्या दाखल्यासह कळवावे. त्या पत्राचे उत्तर आलेले नाही. नमुन्याचे यंत्र संघाच्या कपाटात आहे आणि कण मोजण्याचे उपकरणही आम्ही तेथेच ठेवले आहे. ज्या सभासदांस आपल्या घरी असे काही तपासावयाचे असेल, त्यांनी ते कचेरीच्या वेळात सही करून न्यावे.