औषध फसलं की निरीक्षण?

तुमची मांजरं कधी उंबरठा ओलांडत नसतील, तरी पिसवा घरात येतात: आपल्या कपड्यांवरून, पाहुण्यांच्या कुत्र्यावरून. माझ्या दोन मांजरींच्या मानेवर व्हेटने दिलेलं औषध घातलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पिसवा! ‘औषध निकामी’ म्हणून मी मोकळी झाले आणि कुत्र्यांसाठीचं कडक औषध आणायला निघाले. सुदैवाने आधी विचारलं. त्यातल्या काहींमध्ये पर्मेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते पचत नाही, जिवावर बेततं.

मग चुकलं कुठे? आपल्याला दिसतात त्या फक्त प्रौढ पिसवा. अंडी मांजराच्या अंगावरून गळतात आणि साधारण २ ते १० दिवसांत फुटतात. अळ्या गालिच्यात, फटींत वाढतात आणि कोष विणतात. कोषावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. आतली पिसू कित्येक आठवडे, कधी महिनेही थांबते. हालचाल, ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. म्हणजे मला दिसलेल्या पिसवा बहुधा औषधाआधीच घातलेल्या अंड्यांतल्या होत्या.

म्हणून उपाय वेळापत्रकाने करा: घरातल्या सगळ्या मांजरांना व्हेट सांगेल तेवढे महिने सलग औषध द्या, अंथरुणं ६० अंशांच्या पाण्यात धुवा, रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवा आणि कचरा लगेच घराबाहेर टाका.

तुमच्या प्रयोगातही ‘परिणाम नाही’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मोजलं ते सगळं, की फक्त उड्या मारणारं? आणि कोष फुटेपर्यंत थांबलो का?