खाला, गुलमोहर कुठे आहे?

मे महिन्यातला रविवार होता. बोईसरहून लोकलने केळवे रोडला उतरून आम्ही सगळे रिक्षाने समुद्राकडे निघालो होतो. एका वळणावर गुलमोहर भरभरून फुलला होता. आपा एकदम म्हणाली, “सुब्हानल्लाह! बघा तरी, झाड कसं पेटलंय!” सगळ्यांनी माना वळवल्या. तिचा अकरा वर्षांचा मुलगाही बघत राहिला आणि हळूच मला म्हणाला, “खाला, काय पेटलंय? झाड तर नेहमीसारखंच आहे.”

रिक्षात हशा पिकला. “याला चष्मा लावा,” असे त्याची बहीण म्हणाली. तो गप्प बसला आणि किनाऱ्यावरही फारसा बोलला नाही.

आठवड्याभरात आपा त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नजर उत्तम निघाली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक उघडले. जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ साली तयार केलेली ही चाचणी आजही जगभर वापरतात. ठिपक्यांत लपलेले आकडे आपाला सहज दिसत होते, मुलाला मात्र बरेचसे दिसले नाहीत. लाल आणि हिरवा हे रंग त्याला नीट वेगळे करता येत नव्हते. डॉक्टरांनी विचारले, “आईच्या माहेरी आणखी कोणाला हे आहे का?”

तेव्हा आमच्या धाकट्या भावाने वीस वर्षे मनात ठेवलेली गोष्ट सांगितली. तरुणपणी तो चालकाच्या नोकरीची लेखी परीक्षा पास झाला होता. वैद्यकीय तपासणीत रंग ओळखता आले नाहीत म्हणून त्याचे नाव गळले. घरी त्याने फक्त “नंबर लागला नाही” एवढेच सांगितले होते. भाच्याला जवळ घेऊन तो म्हणाला, “बेटा, मलाही तो गुलमोहर कधी दिसला नाही.”

दोष कोणाचाच नाही

ही बातमी आपाच्या सासरी पोहोचली तेव्हा “हे तुमच्या माहेरचं” असा सूर निघाला. म्हणून हे नीट समजून घेऊ या. आपल्या डोळ्यातील पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांतील एक प्रकार नसला किंवा वेगळ्या तऱ्हेने काम करत असला की काही रंग एकमेकांत मिसळतात. लाल-हिरव्याचा हा फरक बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रातून येतो. मुलाला हे गुणसूत्र फक्त आईकडून मिळते, त्यामुळे आईला स्वतःला सगळे रंग दिसत असूनही तिच्या प्रत्येक मुलाला हे होण्याची शक्यता निम्मी असू शकते. मुलीला आईवडील दोघांकडून एकेक एक्स मिळतो, म्हणून मुलींमध्ये हे क्वचित दिसते. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभर पुरुषांमागे सुमारे ८ आणि दोनशे स्त्रियांमागे सुमारे १ असे प्रमाण आहे. आपल्या देशातील बहुतेक पाहण्यांत ते यापेक्षा कमी आढळते. तरीही मुलांच्या कुठल्याही मोठ्या शाळेत अशी काही मुले असणारच.

हा आजार नाही. जन्मतः असलेले हे रंगांधत्व वाढत नाही आणि त्यावर औषधही नाही. ‘रंगांधळा’ म्हटले की याला जग काळे-पांढरे दिसते असे लोकांना वाटते, तेही बहुतेकांच्या बाबतीत खरे नाही. माझ्या भाच्याला समुद्राचा निळा रंग दिसतो, पिवळाही दिसतो. हिरव्यातला लाल मात्र हरवतो.

डोंगरावरची दुर्बीण

अमेरिकेतील टेनेसी राज्यात शरद ऋतूत डोंगरची झाडी लाल-केशरी होते आणि ती पाहायला लोक दुरून येतात. २०१७ साली तिथल्या पर्यटन खात्याने काही ठिकाणी खास भिंगांच्या दुर्बिणी बसवल्या. लाल आणि हिरवा जिथे एकमेकांत मिसळतात, तेवढाच प्रकाश ही भिंगे अडवतात आणि दोन रंगांतला फरक ठळक होतो. काही जणांना त्यातून डोंगर पाहताना रडू आले.

पण खरे तेच सांगायला हवे. ही भिंगे सगळ्यांना उपयोगी पडत नाहीत. एक प्रकारची पेशीच नसेल तर फायदा फार थोडा होतो. स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा चष्म्यांची तपासणी केली. ते लावून इतरांसारखी रंगदृष्टी येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून महागडा चष्मा मागवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे काय करता येईल?

पालघर जिल्ह्यात पाहण्यासारखे खूप आहे. केळव्याची सुरूची बाग, चिंचणीचा किनारा, अशेरीगड, काळदुर्ग, जव्हारचा हनुमान पॉइंट आणि दाभोसा धबधबा. इथे दुर्बिणी येतील तेव्हा येतील. त्याआधी कमी खर्चात बरेच होऊ शकते.

गडाच्या वाटेवर दगडांवर बाण रंगवतात. हिरव्या शेवाळावरचा लाल बाण अशा मुलाला दिसेलच असे नाही, पांढरा किंवा पिवळा दिसेल. किनाऱ्यावर नुसता लाल झेंडा लावू नये, त्यासोबत मोठ्या अक्षरांत ‘धोका’ लिहावे. नकाशात सोपी वाट हिरवी आणि अवघड वाट लाल दाखवायची असेल, तर एक रेघ सलग आणि दुसरी तुटक काढावी. सिग्नलचेच पाहा ना. लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, म्हणून रंग कळला नाही तरी जागेवरून कळते.

आणि याचा उत्तम नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे. वारली चित्रे गेरूच्या गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी काढतात. तिथे रंग ओळखण्याची गरजच पडत नाही, गडद आणि फिकट यांतला फरक पुरतो. माझ्या भाच्याला हे चित्र जवळपास आपल्याइतकेच स्वच्छ दिसते. पर्यटनस्थळांचे फलक याच रीतीने रंगवले तर एकही माणूस वाचण्यावाचून राहणार नाही.

घरातही सोपे बदल होतात. खडूंवर रंगाचे नाव लिहून द्यावे. कबाब आतून शिजला की नाही हे रंगावरून ठरवायला त्याला सांगू नये. शाळेत शिक्षकांना आधीच सांगावे, म्हणजे नकाशा चुकीचा रंगवला म्हणून मार बसणार नाही.

वेळेवर कळलेले बरे

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत वायरींना, नळांना, सिलिंडरांना रंगांच्या खुणा असतात. इथली मुले आयटीआय करून याच कामांत जातात. कुठल्या कामात रंग अत्यावश्यक आहेत हे दहावीआधी कळले, तर वाट नीट निवडता येते. भावासारखे शेवटच्या पायरीवरून परतावे लागत नाही.

दारे उघडतही आहेत. २०२० साली केंद्र सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याची सोय केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी एका रंगांध तरुणाला नाकारले होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचे सर्व अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्यांसाठी खुले करायला सांगितले. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत रंगांधत्व नाही. त्यामुळे फलक, नकाशे, झेंडे यांबाबत ग्रामपंचायतीकडे, वन विभागाकडे आपणच विनंती करायला हवी.

रंग आणि भाषा

कुरआनात सूरह रूममध्ये अल्लाहच्या निशाण्या सांगताना माणसांच्या भाषांची आणि रंगांची विविधता एकत्रच आली आहे. मला त्यातून एक गोष्ट सुचली. जिथे रंग पोहोचत नाही तिथे भाषा पोहोचते. निशाणी पाहिलेल्याने न दिसलेल्याला ती सांगावी, इतके तर आपल्या हातात आहे.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा केळव्याला गेलो. सूर्य बुडताना आपाने मुलाला कुठे काय दिसतेय ते सांगितले. वर पिवळा, त्याखाली केशरी, पाण्यालगत लाल पट्टा. तो ऐकत होता आणि विचारत होता, “लाल किती? बोटभर की हातभर?” परतताना ओल्या वाळूवर वाळूसारखाच दिसणारा खेकडा आमच्यापैकी कोणालाच दिसला नाही. तो त्याला दिसला. रंगाने लपलेल्या वस्तूचा आकार काही वेळा रंगांध माणसे आपल्याआधी ओळखतात, हे प्रयोगांतही आढळले आहे.

“खाला, तुम्हाला खरंच दिसला नाही?” त्याने विचारले. या वेळी हसण्याची पाळी त्याची होती.