डिकीची काच फुटली? गॅरेज गाठण्याआधी हे वाचा. क्लेमचा हिशेब, खरी काच आणि गोंद वाळायचा वेळ

ठिबकचा पाइप गाडीत घातला, टोक जरा बाहेर राहिलं, डिकी आपटली आणि मागची काच खळ्ळकन खाली आली. कुणाच्या गाडीवर बांधावरच्या ग्रासकटरमधून खडा उडतो, कुणाची गाडी गारपिटीत उघड्यावर सापडते. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट अशा छोट्या एसयूव्ही आता वाड्यावस्त्यांवरही आल्या आहेत आणि त्यांच्या मागच्या काचा मोठ्या आहेत. काच फुटली की माणूस गडबडतो, चुरा झाडून टाकतो, ओळखीच्या गॅरेजला गाडी लावतो आणि विम्याची आठवण शेवटी होते. पैसे जातात ते बहुतेक याच गडबडीत. म्हणून काय आधी करायचं आणि काय नंतर, ते नीट समजून घेऊ.

मागची काच दुरुस्त का होत नाही?

पुढची काच दोन थरांची असते. दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्यामुळे खडा लागला तर चीर जाते पण काच जागेवर राहते. छोटा टवका असेल तर रसायन भरून तो बुजवताही येतो.

मागची काच वेगळी. ती बहुतेक गाड्यांत टफन्ड म्हणजे कडक केलेली असते. कारखान्यात ती ६०० अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने झटकन गार करतात. त्यामुळे वरचा थर दाबात आणि आतला भाग ताणात राहतो. हा समतोल असेपर्यंत काच भलतीच मजबूत असते, पण एका जागी मोडला की सगळी काच एकदम बारीक तुकडे होऊन पडते. लांब धारदार पाती होऊ नयेत म्हणूनच ती तशी बनवलेली असते.

याचा अर्थ असा की मागच्या काचेला सांधा नाही, ठिगळ नाही. ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. कुणी "थोडं घासून बसवून देतो" म्हणाला तर तिथून निघा. या काचेची कड सगळ्यात नाजूक असते. कडेला आधी टवका उडालेला असेल तर पुढे कधी तरी उन्हात नुसत्या तापण्यानेही ती फुटू शकते.

पहिला अर्धा तास

आधी फोटो, मग झाडू. गाडीचा नंबर दिसेल असा एक फोटो, पूर्ण डिकीचा एक, आत पडलेल्या चुऱ्याचा एक, आणि ज्याने काच फुटली ती वस्तू, म्हणजे दगड, गारा किंवा पाइप, तिचा एक. छोटा व्हिडिओही काढा.

मग पॉलिसी उघडा. कागद सापडत नसेल तर मोबाईलवर आलेली पीडीएफ शोधा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. तो विषय तिथेच संपला. "फुल विमा" असेल तर पॉलिसीवरच्या टोल फ्री नंबरला किंवा कंपनीच्या ॲपवर लगेच कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. कळवलं म्हणजे क्लेम केलाच पाहिजे का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. कंपनीने पाहणी केल्याशिवाय किंवा फोटोवर होकार दिल्याशिवाय नवी काच बसवू नका. आधी काच बसवली आणि मग बिल पाठवलं, तर क्लेम अडण्याचं हे सगळ्यात सोपं कारण होतं.

कुणी मुद्दाम फोडली असेल किंवा गाडीतून काही चोरीला गेलं असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या.

चुरा काढताना जाड हातमोजे घाला, पायात बूट असू द्या. लहान मुलांना लांब ठेवा. सीटच्या फटीत, सीटबेल्टच्या कुलपात आणि स्टेपनीच्या खळग्यात तुकडे हमखास राहतात. झाडूने ते आणखी खोल जातात, व्हॅक्यूम लावला तर बरं.

उघड्या डिकीने गाडी चालवताना धुराचा धोका

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते. मागची काच नसेल तर सायलेन्सरचा धूर त्या पोकळीतून उलटा गाडीत खेचला जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. मागच्या सीटवर झोपलेल्या लेकराला काही होतंय हे पुढच्याला कळतही नाही.

म्हणून जाड प्लास्टिक ताणून बसवा. घरचं मेणकापड किंवा मल्चिंग पेपरचा दुहेरी थर चालतो. चिकटपट्टी थेट रंगावर लावू नका, उन्हाने तिचा गोंद रंगावर बसतो. आधी पेंटरची कागदी पट्टी लावा, तिच्यावर जाड टेप. गाडी हळू चालवा. पुढच्या दोन्ही काचा खाली ठेवा आणि पंखा बाहेरची हवा घेईल असा लावा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. मागच्या सीटवर कुणाला बसवू नका. लांबचा प्रवास काच बसेपर्यंत टाळलेलाच बरा.

क्लेम करावा की खिशातून भरावं?

इथे अनेकांचा हिशेब चुकतो. काचेच्या बाबतीत विम्याचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. रबर, प्लास्टिक, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, पण काचेवर घसारा शून्य. मात्र दर क्लेमला ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून जाते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये. गोंद, प्रायमर असल्या किरकोळ वस्तू कंपनी बिलातून वगळू शकते.

खरा फटका बसतो नो क्लेम बोनसला. क्लेम न घेता वर्षं गेली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो प्रीमियम असतो, त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळत जाते. एक क्लेम घेतला की ती सूट शून्यावर येते.

समजा बिल झालं ६५०० रुपये. १००० वजा जाऊन हातात आले ५५००. तुमचा हा प्रीमियम सुटीआधी ६००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के सूट मिळते, म्हणजे तुम्ही ३००० भरता. क्लेम घेतल्यावर पुढच्या वर्षी पूर्ण ६००० भरावे लागतील. त्यानंतर ४८००, ४५००, ३९००, ३३०० असं करत सहाव्या वर्षी तुम्ही परत ३००० वर याल. पाच वर्षांत जादा गेले ७५०० रुपये. म्हणजे ५५०० मिळवायला ७५०० घातले. गाडी जुनी होते तसा मूळ प्रीमियम घटतो, त्यामुळे तोटा थोडा कमी होईल, पण फायदा होणं अवघड.

आता गाडी नवी आहे, पहिलंच वर्ष चालू आहे, सूट शून्य आहे असं धरा. त्याच हिशेबाने पाच वर्षांत जादा जातात ३००० रुपये आणि मिळतात ५५००. इथे क्लेम घेणं शहाणपणाचं.

यातले आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या पॉलिसीवरचे आकडे घालून हाच हिशेब करा. "एनसीबी प्रोटेक्ट" नावाचं जोड कव्हर घेतलं असेल तर चित्र बदलतं. काही पॉलिसींत फक्त काचेच्या क्लेमला बोनस जात नाही. कंपनीला फोन करून हा एकच प्रश्न विचारा: "फक्त काचेचा क्लेम घेतला तर माझा बोनस जाईल का?" उत्तर लेखी किंवा मेसेजवर घ्या.

काच मागवताना

नुसतं "नेक्सॉनची मागची काच" एवढं सांगून भागत नाही. एकाच गाडीच्या बेस आणि टॉप मॉडेलच्या काचा वेगळ्या असू शकतात. एकीत धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारा असतात, दुसरीत नसतात. एकीत वायपरसाठी भोक असतं, दुसरीत नाही. आणि भोक नंतर पाडता येत नाही, हे वर सांगितलंच. म्हणून आरसीवरचा १७ अंकी-अक्षरी चासी नंबर दुकानदाराला द्या आणि त्यावरूनच काच काढायला सांगा.

काच आली की कोपऱ्यातला छाप बघा. आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक हवा; वाहनांच्या सुरक्षा काचेसाठीचं ते भारतीय मानक आहे. बनवणाऱ्या कंपनीचं नावही तिथेच असतं. छापच नाही अशी काच स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

भंगारातून काढलेली काच घ्यायची वेळ आली तर हातमोजा घालून चारही कडांवरून बोट फिरवा. कुठे टवका लागला तर ती काच सोडून द्या. बिल पक्कं घ्या, क्लेमलाही तेच लागतं.

बसवताना काय बघायचं?

या गाड्यांची काच रबरात अडकवलेली नसते, ती पत्र्याला गोंदाने चिकटवलेली असते. दुकानात त्या काळ्या गोंदाला युरेथेन किंवा पीयू म्हणतात. चांगला कारागीर डिकीचं आतलं प्लास्टिक उघडतो, पोकळीतला चुरा काढतो, जुना गोंद अगदी पातळ थर ठेवून कापतो. पत्र्यावर ओरखडा गेला तर त्यावर प्रायमर लावतो. तो लावला नाही तर पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो आणि पाणी डिकीत उतरतं.

साध्या सिलिकॉनने काच चिकटवू देऊ नका. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते तसलं सिलिकॉन समजा. ते काच पेलत नाही आणि पत्र्याला गंज आणतं.

युरेथेन हवेतल्या दमटपणाने वाळतो. कोरड्या, थंड हवेत वेळ जास्त लागतो. गाडी कधी हलवायची ते गोंदाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. काही गोंदांना तासभर पुरतो, काहींना बरेच तास लागतात. पूर्ण वाळायला साधारण एक दिवस तरी धरा. तोवर सर्व्हिसिंगच्या जोरदार पाण्याने गाडी धुऊ नका, कच्च्या रस्त्यावर पळवू नका. दार लावताना एखादी काच थोडी खाली ठेवा, नाही तर आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येतो.

गाडी ताब्यात घेताना

डिफॉगर लावा आणि काचेवर तोंडाची वाफ सोडा. तारांजवळची वाफ आधी उडायला हवी. मागचा वायपर, पाण्याची पिचकारी आणि वरचा ब्रेक लाइट चालवून बघा. डिकी उघडझाप करून आत तुकडे खुळखुळतात का ते ऐका. गोंद वाळल्यावर साध्या नळीने पाणी मारून गळती तपासा.

नव्या काचेवर काळी फिल्म लावायचा मोह टाळा. नियमाने पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. शिवाय फिल्म खरवडून काढताना डिफॉगरच्या तारा तुटतात.

क्लेम अडवला तर

आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि नकाराचं कारण लेखी मागा. दाद लागली नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार करता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि पुढच्या वेळी पाइप, पहार, फावडं गाडीत घातलं की डिकी लावण्याआधी एकदा मागे जाऊन हाताने चाचपून बघा. ग्रासकटर चालू असलेल्या बांधाला गाडीची पाठ करू नका. खडी भरलेल्या ट्रॉलीपासून अंतर ठेवा. ही काच कितीही मजबूत असली तरी फुटताना ती चीर देऊन सावध करत नाही.